पाच बिनचूक वाक्यं

चौथीच्या वह्या तपासताना रेणुकाच्या वहीपाशी हात थांबला. इंग्रजीत आपल्या शेळीवर पाच वाक्यं लिहायची होती. तिने मोजून पाच लिहिली होती. सुरुवातीला मोठं अक्षर, शेवटी पूर्णविराम, चूक एकही नाही.

जूनमध्ये हिनेच त्याच शेळीवर पानभर लिहिलं होतं. शेळी मांडवात घुसली, तिने नवरदेवाचा हार खाल्ला, सगळं एका दमात, पूर्णविरामाचा पत्ता नाही. वाचताना मी पोटभर हसले आणि पान लाल गोलांनी भरून टाकलं. हसले होते, हे तिला सांगायचं राहिलं.

तिला जवळ बोलावलं. "अगं, ते हाराचं का नाही लिहिलंस?"

"बाई, मोठ्या वाक्यात चुका होतात."

"ती आता हुशार झालीय, बाई!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग हसला.

पूर्णविराम शिकवणं माझं काम आहे, ते मी सोडणार नाही. पण अशा किती जणींना मी बिनचूक आणि मुकं करून पाचवीत पाठवलं असेल?

"मराठीत सांग मग. कसंही सांग."

तिने मनातल्या मनात जुळवाजुळव केली. म्हणाली, "शेळीने हार खाल्ला."

आणि थांबली.