एक्सलचा फाटका बूट

डिसेंबरातल्या सकाळी मखमलाबादच्या आमच्या मळ्यात गुलाबाचा गंध उन्हाच्या थोडा आधीच जागा होतो. त्या रविवारी मात्र त्या गंधावर काळ्या ग्रीसचा जड, उग्र वास पसरला होता. गाडी धुताना पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला ग्रीसचे ताजे शिंतोडे मला दिसले होते. इंजिनाचं बळ चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे एक्सलच्या, टोकाशी एक सांधा असतो आणि त्या सांध्यावर रबराचं, चुण्याचुण्यांचं आवरण असतं. त्याला बूट म्हणतात. तो फाटला होता. वळताना कटकट अजून ऐकू येत नव्हती, म्हणजे सांधा शाबूत होता; पण धूळ आत शिरली की त्याचंही काही खरं नव्हतं.

माझे सासरे, ज्यांना मी दादा म्हणते, चाळीस वर्षं आमची फुलं स्वतः गाडी चालवत पंचवटीच्या बाजारात नेत आले आणि प्रत्येक गाडीची दुरुस्तीही त्यांनी स्वतःच केली. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनीच माझ्या हातात पाना दिला होता. आता वीस वर्षांनी मला कुणाच्या सूचनेची गरज उरलेली नाही, हे मी नम्रपणा बाजूला ठेवून सांगते. नवरा सिन्नरच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला गेलेला. अंगणात आम्ही दोघंच होतो.

चाक जमिनीवर असतानाच मधला मोठा नट ढिला केला, मग जॅक लावून खाली लोखंडी घोडी सरकवली, चाक उतरवलं, आणि बेताचे ठोके देत सांधा दांड्यावरून सोडवला. फाटका बूट कापून काढला. डिझेलमध्ये धुतल्यावर सांध्यातल्या पोलादी गोळ्या कोवळ्या उन्हात अशा उजळल्या, की क्षणभर मी हात थांबवून पाहतच राहिले. सांधा दांड्यावर पक्का धरून ठेवणारी तारेची बारीक कडी बसवणं हे काम दादांचं. ते त्यांनी कधी कुणाला दिलं नव्हतं.

कडी त्यांच्या बोटांतून निसटली.

"कुठं गेली बघ गं, वैशाली."

ती त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, पांढऱ्या गोणपाटावर लखलखत पडली होती. त्यांचा तळहात तिच्या अवतीभवती हळूहळू फिरत राहिला, एकदा तर अगदी तिच्या कडेनं गेला. मी कडी उचलली नाही. गेल्या काही महिन्यांत वर्तमानपत्र ते माझ्याकडून वाचून घेऊ लागले होते. मी त्याला म्हातारपणाचे लाड समजले होते.

"दादा, कधीपासून?"

हात थांबला. 

"पावसाळ्याच्या आधीपास्नं. मधलं दिसत नाय. कडंचं दिसतं."

"आणि तरी गाडी चालवत होतात?"

"रस्ता पाठ हाय मला."

 माझी मुलगी सई रोज त्यांच्या शेजारी बसून कॉलेजात जात होती. चाकाच्या आतले शिंतोडे मी पाहिले होते, आणि रोज समोर जेवायला बसणाऱ्या माणसाचे डोळे पाहिले नव्हते! रागानं कानशिलं तापली. पण तो राग त्यांच्यावर किती आणि माझ्यावर किती, हे मला आजही नीट वाटून देता येत नाही.

"सई असते गाडीत, दादा," एवढंच मी म्हणाले.

त्यांनी मान खाली घातली. "सांगितलं असतं तर किल्ली गेली असती."

नवा बूट आणि त्याचा लहान पट्टा आधी दांड्यावर चढवला. मग कडी मी बसवली आणि सांध्यात ग्रीस भरू लागले. तेवढ्यात त्यांनी हात पुढे केला. त्यांची बोटं एकेका गोळीमागे, प्रत्येक खाचेत शिरत गेली आणि मध्येच थांबली. "खडा हाय हितं." मोहरीहूनही लहान असा एक कण होता, डोळे शाबूत असून मला तो दिसला नव्हता. सगळं पुन्हा पुसलं, पुन्हा भरलं. सांधा ठोकून बसवला, पट्टे आवळले, चाक चढवलं, मोठा नट पुरत्या ताकदीनं कसला.

मग गाडी फिरवून पाहायची वेळ आली. ते सवयीनं चालकाच्या दाराशी गेले, मूठ धरली आणि तिथेच उभे राहिले. किल्ली माझ्या हातात होती. मी ती मागेही घेतली नाही, पुढेही केली नाही. थोड्या वेळानं ते गाडीला हात लावत लावत, पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले आणि बसले. मी चालकाच्या जागी बसून दार लावून घेतलं.

कॅनॉलच्या बाजूच्या मोकळ्या जागेत मी स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी सावकाश गोल फिरवली. दादांनी काच खाली केली होती, मान कलती करून ते ऐकत होते. आवाज नव्हता, फक्त टायरखाली वाळकी पानं चुरत होती.

"चांगलं झालंय काम," ते म्हणाले. मग बाहेर तोंड करूनच, "डोळ्यांच्या डॉक्टरकडं उद्या नेशील?"

"बाजार आटोपला की लगेच."

 एवढ्यावर थांबता आलं असतं, पण मी आणखी एक फेरी घेतली, आणि त्यांनीही घरी चल म्हटलं नाही.