हिंदूरावच्या भिंतीवरचं शेवाळ

जयेश पहिल्याच दिवशी भानुमतीबाईंच्या डोक्यात गेला. सव्वीस वर्षं दिल्लीतल्या एका सरकारी संग्रहालयात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बाई शेवाळं ओळखत आल्या होत्या. आणि नोएडाच्या नव्या काचेच्या प्रयोगशाळेतून आलेलं हे पोरगं म्हणतं, "काकू, आता पानं बघून कोण ठरवतं यार? कोण कुणाचं भावंड, ते डीएनए सांगतो."

"ऑफिसात मॅडम म्हणायचं," बाई कडाडल्या. त्याने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दिल्लीतल्याच हिंदूराव टेकडीच्या चढावर एका ओल्या भिंतीवर बाईंना पूर्वी एक शेवाळ सापडलं होतं, पानाच्या टोकाला बारीक केस असलेलं. नवी जात म्हणून तिला त्यांनी नाव दिलं. उभ्या नोकरीत त्यांनी ठेवलेलं तेवढंच एक नाव. २००३च्या उन्हाळ्यात जयेश नेमकं तेच तपासायला आला.

त्याने त्या नमुन्याचं कागदाचं पाकीट उघडलं आणि चिमट्याने एक काडी उचलली. शेवाळाच्या एकाच गादीत दोन-दोन जाती गुंतून वाढतात. तांदळातले खडे निवडावेत तशा काड्या आधी निवडाव्या लागतात. याने उचलली ती कडेची, दिल्लीच्या प्रत्येक गटारावर उगवणाऱ्या शेवाळाची. शब्द बाईंच्या ओठांवर आले. तेवढ्यात तो म्हणाला, "चलो, झालं काकू!"

बाईंनी ओठ मिटले. पड एकदाचा तोंडघशी! त्यांना मनापासून आनंद झाला.

तीन महिन्यांनी अहवाल छापून आला. वंशवृक्षात बाईंचं शेवाळ गटारावरच्या शेवाळाच्याच फांदीवर बसलं होतं. वेगळी जात नाही, नाव रद्द. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात, तो बाईंनी असा यथासांग केला होता.

त्या तडक संग्रहालयाच्या साहेबांकडे गेल्या. "सर, त्याने काडीच चुकीची घेतली. मी डोळ्यांनी बघितलंय!"

"मग तेव्हा का नाही बोललात?" साहेबांनी वर न बघता विचारलं. "तीन महिने गप्प, आणि नाव गेल्यावर आठवलं?"

बाई आपल्या कपाटाकडे परतल्या.

संग्रहालयात नमुन्यावरची जुन्या नावाची चिठ्ठी कधी काढत नाहीत. तिच्याखाली नव्या नावाची चिठ्ठी चिकटवतात, आणि कपाट ज्याच्या ताब्यात, त्यानेच ती लिहून सही करायची. कपाट बाईंचं होतं. त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात गटारावरच्या शेवाळाचं नाव लिहिलं, खाली सही केली.

जयेशने बाटली पुढे सरकवली. "गोंद घ्या, मॅडम."