मधलं वाक्य

आमचे कंपाउंडर अण्णा समोरच्याचं बोलणं पुरं ऐकून घ्यायचे आणि तो जे बोललाच नाही, त्याबद्दल विचारायचे. "व्हय, पण मधलं ऱ्हायलं की!" कारण सांगताना माणूस मधलं एक वाक्य गिळतो आणि नेमकं तेच तपासायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. मी शाळेत मराठी शिकवणारी बाई. पण ऐकावं कसं, ते मला या मॅट्रिक नापास माणसानं शिकवलं.

नव्वद-ब्याण्णवच्या सुमारास लग्न होऊन मी मंगळवार पेठेत आले. घराखालीच दवाखाना. डॉक्टर आत, बाहेरच्या खिडकीत अण्णा. औषधाच्या बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवताना कान सगळे बाकावरच्या लोकांकडे. एकदा चंदगडहून एसटीनं आलेला एक माणूस हटूनच बसला, गोळ्या नकोत, सुईच मारा.

"गोळ्या स्वस्त, सुई म्हाग. मग सुईच भारी न्हवं?"

"मधलं ऱ्हायलं, पावणं. जे म्हाग ते लागू पडतंय, आसंच न्हवं? मग सोनं उगाळून प्या की, खोकला जन्मात यायचा न्हाय!"

सगळा बाक हसला. पावणंही हसले आणि गोळ्या घेऊन गेले.

मलाही त्यांनी सोडलं नाही. माझे दिवस भरत आले होते. सरकारी दवाखान्यात सगळं फुकट, तिथं मी अजिबात जाणार नाही, असं मी ठसक्यात म्हणाले. "फुकट म्हणून वाईट, हे मधलं. तुमी तिथं जाऊन बघितलासा का, बाई?" बघितलं कुठं होतं! असा राग आला म्हणता! पण गेले, बघितलं आणि माझा मुलगा तिथंच झाला.

मग सासूबाई न्हाणीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन केलं तर चालतील, नाहीतर खाटेवरच, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. माझे थोरले दीर कबनूरहून आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आईचं वय सत्तर. आता एवढा खर्च कशाला?" माझा नवराही भावापुढं मान खाली घालून बसलेला, मी तर धाकटी सून. सासूबाई छताकडे बघत पडल्या होत्या.

अण्णा इंजेक्शन द्यायला वर आले होते. "दादा, मधलं ऱ्हायलं."

"काय मधलं?"

"सत्तरीनंतर माणसाला चालायची गरज न्हाय, हे. तेवढं आईकडं बघून म्हणा. मग मी गप बसतो."

दिरांनी आईकडे बघितलं. सासूबाईंनीच विचारलं, "बाळ, मी चालीन न्हवं परत?" एवढा दांडगा माणूस, ढसाढसा रडला.

ऑपरेशन झालं. त्यानंतर सासूबाई नऊ वर्षं चालल्या. दर शुक्रवारी देवळात जायच्या, वाटेत भाजीवालीशी भांडायच्या. त्या दिसल्या की अण्णा खिडकीतून ओरडायचे, "सरका रं, एक्सप्रेस आली!"

सासूबाई गेल्यावर नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही नाशिकला आलो. तिथं स्टाफरूममध्ये विमा, तपासण्या, दवाखान्यांची बिलं यांवर तावातावानं वाद चालायचे. मला मात्र त्या खिडकीतला आवाज हवा असायचा. फार आठवण यायची हो. आजही येते.

एकदा अण्णांचाच फोन आला. पोटात दुखत होतं म्हणे. "डाक्टर म्हणत्यात, तपासण्या करून घ्या. पण आता दुखायचं कमी आलंय बाई. मग कशाला उगाच खर्च?"

कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, मुलाची परीक्षा होती. "बरं झालं अण्णा, जपा," मी म्हणाले.

पलीकडे ते काही क्षण गप्प राहिले. मला वाटलं, लाईन गेली. मग म्हणाले, "ठेवू व्हय?" आणि फोन ठेवला.

तीन महिन्यांत अण्णा गेले. दुखणं कमी झालं म्हणजे आजार गेला, हे ते मधलं वाक्य. जन्मभर त्यांनी ज्याला त्याला विचारलं. त्यांना विचारायची पाळी एकदाच आली, माझ्यावर. ते थांबलेही होते फोनवर. मी विचारलं नाही.