तोंडात घास असताना

मामू मारायचे ते खायला घालून. कळपातल्या ज्या हरणाचा दिवस भरला असेल, त्याच्या वाटेवर ते सकाळी ताजा लसूणघास टाकायचे, मग पिकअप लांब नेऊन उभी करायचे आणि दुर्बीण डोळ्याला लावायचे. हरणं यायची, माना खाली जायच्या. मामू उजव्या हाताचं पहिलं बोट उचलायचे, त्या बोटाच्या रोखाने रखवालदाराची बंदूक वळायची आणि गोळी सुटायची. "तोंडात घास असताना पडलं पाहिजे," ते सांगायचे. "घाबरून मेलं तर मटण चामट होतं. उपाशी मेलं तर तळतळाट लागतो. चरताना मेलं की त्याला कळतच नाय की आपण मेलो."

हे ऐकून माझ्याबरोबर आलेल्या एका मित्राने तोंड वाकडं केलं, तेव्हा मामू त्याला म्हणाले, "तुझ्या चिकनला काय आजारपणात मरण येतं?"

मामू म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. गाव आमचं एकच, सावित्रीच्या खाडीकाठचं. तिथे त्यांनी तरणेपणी रानडुकरांच्या मागे रान पालथं घातलं आणि नंतर कतारला येऊन एका अरबाबच्या मजऱ्यावर कायमचे राहिले. अरबाब म्हणजे मालक, मजरा म्हणजे त्याची शेतवाडी. मदिनत अश शमालच्या अलीकडे, रस्ता सोडून आत वाळूत. तिथे मोठ्या कुंपणात वाळवंटी हरणांचा कळप होता. "उघड्यावरच्या हरणाला बोट लावलंस तर तुरुंगात जाशील," हा मामूंचा पहिला धडा. "कुंपणातलं अरबाबचं. त्याला बोट लावायचं काम माझं." कळपात कोण राहणार आणि कोण जाणार, हे दर हिवाळ्यात मामू ठरवायचे. म्हातारे नर, लंगडे, आजारी. अरबाब स्वतःसुद्धा त्यात बोलायचा नाही.

मी शहरात, मुशैरिबला एका बांधकाम कंपनीत इंजिनियर आहे. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी कुठेही सांगतो आणि सांगताना मान खाली घालत नाही, कारण ती डिग्री मला कुणी झाडावरून काढून दिलेली नाही. मामू मला नावाने कधी हाक मारायचे नाहीत. "या, ग्रॅज्युएट!" म्हणायचे. "बापाला अंगठा होता, तुला सही आली. वाघ मारलास!"

"सही आली म्हणूनच तुमच्या इकाम्यावर, त्या राहण्याच्या परवान्यावर काय लिहिलंय ते तुम्हाला कळतं, मामू."

"लिहिलेलं तुला कळतं. नाय लिहिलेलं मला."

असा आमचा शुक्रवार सुरू व्हायचा.

थंडीत माझे ऑफिसातले मित्र कॅम्पिंगला म्हणून यायचे. त्यांच्या अंगावर मॉलमधून घेतलेले हिरव्या पानांचे शिकारी कपडे असायचे. मामू एकेकाभोवती फिरून त्याला न्याहाळायचे. "इथं मैलभर झाड नाय आणि हा झाड बनून आलाय. उभा राहा बाबा तिथं, हरणं सावलीला येतील." एकाने ऊदाचं अत्तर लावलं होतं. त्याला म्हणाले, "हरणाशी निकाह हाय काय तुझा?" आणि त्याला दिवसभर वाऱ्याच्या खालच्या बाजूला, शेणाच्या ढिगाजवळ बसवलं. तो बसला. मामूंनी बसवलं की माणूस बसायचा.

पण त्यांनी सांगितलेलं मी अजून पाळतो. वाळूत शिरण्याआधी टायरची हवा कमी करायची. पाण्याच्या कॅनला ओलं गोणपाट गुंडाळायचं. उन्हं मागे ठेवून बघायचं, वारा तोंडावर घेऊन चालायचं. चकचकीत घड्याळ खिशात घालायचं. दुर्बीण स्वस्त घेतली तरी चालेल, पण बूट स्वस्त घ्यायचे नाहीत. आणि जनावराला नाव ठेवायचं नाही. "नाव ठेवलं की हात कापतो," ते म्हणायचे.

हा नियम त्यांनी एकदाच मोडला होता. रेशमा नावाची सलूकी कुत्री त्यांनी पिल्लू असल्यापासून वाढवली होती. लांब पायांची, सशामागे सोडली की वाळूवर सावलीसारखी जायची. एका हिवाळ्यात तिचा पुढचा पाय कुंपणात अडकून मोडला. अरबाबने डॉक्टर आणला, पाय जुळला, पण ती लंगडत राहिली. इतर कुत्री धावायची आणि ही मागून केकाटत यायची. एका शुक्रवारी मामूंनी वाडगाभर कच्चं मटण घेतलं, अरबाबच्या रखवालदाराला बंदूक घेऊन बोलावलं आणि रेशमाला कुंपणाबाहेर नेलं. मी त्यांच्यामागे चाललो होतो. त्यांनी वाडगा खाली ठेवला, तिच्या पाठीवरून हात फिरवला, बाजूला झाले आणि बोट उचललं. वाडग्यातलं अर्धं मटण तसंच राहिलं. ते त्यांनी परत आणून दुसऱ्या कुत्र्यांना घातलं.

मी म्हटलं, "मामू, पडली असती की एका कोपऱ्यात. तुमचं काय खात होती?"

"ती रोज बघत होती रे, बाकीचे धावताना," ते म्हणाले. "तुला दया येते, कारण तुला बघायचं नसतं. मागे राहिलं ते गेलं. माणसाचं पण हेच." आणि मला चहा करायला पाठवलं.

शिकार झाली की वाटे पडायचे. हा आमच्या गावच्या हाक्यातला, म्हणजे जनावर हाकून करायच्या शिकारीतला रिवाज मामूंनी समुद्रापलीकडे आणला होता. मटणाचे सारखे ढीग खजुराच्या झावळ्यांवर मांडायचे. अरबाबचा, दोन्ही नेपाळी गड्यांचा, सुदानी ड्रायव्हरचा, मामूंचा, पाहुणा असेल तर पाहुण्याचा, आणि एक कुत्र्यांचा. एकाने पाठ फिरवून उभं राहायचं. दुसऱ्याने ढिगावर हात ठेवून विचारायचं, "हा कुणाचा?" पाठमोऱ्याने तोंडाला येईल ते नाव घ्यायचं. म्हणजे भेदभाव नको, कुरकुर नको. कधी कुत्र्यांना मांडी मिळायची आणि अरबाबला फासळ्या. अरबाब पोट धरून हसायचा, पण फासळ्याच घेऊन जायचा.

त्या रिवाजाला एक शेपूट होतं, तेही मामूंनीच मला सांगितलं होतं. हाक्यात ज्याच्या चुकीने गाभण मादी पडते, त्याला वाटा नाही. आणि पुढच्या हाक्याला त्याच्या दारात बोलवायला कुणी जात नाही. "भांडण नाय, शिवी नाय," मामू म्हणाले. "फक्त पहाटे सगळ्यांच्या कड्या वाजतात आणि त्याची वाजत नाय."

शेवटच्या दोन-एक वर्षांत मामू मला परीक्षा घातल्यासारखं विचारू लागले होते. "बोल ग्रॅज्युएट, त्या टेकाडावर किती हायत? नर कुठला? डावीकडच्याचं शिंग कसं हाय?" मी छाती फुगवून उत्तरं द्यायचो. वाटायचं, आपण शिकतोय, मामू आपल्याला तयार करतायत. मग एकदा टेकाडावर काहीच नव्हतं, नुसती एक निळी प्लॅस्टिकची टाकी पडली होती, आणि मामूंनी विचारलं, "तो बसलेला नर हाय की मादी?"

मी म्हटलं, "मामू, टाकी आहे ती."

ते हसले नाहीत.

मी सरळच बोललो. मला आडवळण जमत नाही. "मोतीबिंदू असेल. हल्ली काही नसतं त्यात, सकाळी जायचं आणि दुपारी घरी. मी नेतो तुम्हाला."

"आणि अरबाबला काय सांगू? हरणं निवडणारा आंधळा झालाय?"

"बरे व्हाल की."

"बरा होईपर्यंत दुसरा येईल. आलेला जात नाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "गावी काय हाय मला? बायको गेली. भावांची तोंडं तिकडे. तिथं मी ओट्यावर बसलेला म्हातारा. इथं मी बोट उचललं की गोळी सुटते. तू तोंड उघडलंस तर तुझ्या आईला सांगेन, तू माझा कोण नाय."

मी तोंड उघडलं नाही. डोळे त्यांचे होते आणि भाकरीही त्यांची. पण दर शुक्रवारी मी जात राहिलो, आणि विचारण्याआधीच मोठ्याने बोलायला लागलो. "मामू, तो तडकलेल्या शिंगाचा म्हातारा आज पुढे आलाय बघा." ते म्हणायचे, "बघितलं, बघितलं. मला शिकवतो."

तो तडकलेल्या शिंगाचा म्हातारा नर त्या हिवाळ्यात जायचा होता. मामूंनी महिनाभर आधीच ठरवलं होतं. तो नवीन नरांना माद्यांजवळ येऊ देत नव्हता आणि त्याच्याने स्वतः काही होत नव्हतं. त्या दिवशी बंदूक अरबाबच्या मुलाच्या हातात होती. परदेशातून शिकून नुकताच परतला होता, पहिल्यांदाच गोळी झाडणार होता. अरबाब स्वतः येऊन बसला होता. मला मागच्या गाडीत जागा मिळाली. मामू पुढच्या गाडीत, मुलाच्या शेजारी.

लसूणघास पडला. हरणं आली. म्हातारा आला, त्याने एकदा तोंड घातलं आणि काय वाटलं कोण जाणे, बाजूला सरला. त्याच्या जागी दुसरं हरण आलं, शेपटी आमच्याकडे करून. ह्या जातीत मादीलाही शिंगं असतात, बारीक असतात इतकंच. मला मागच्या गाडीतून ती बारीक शिंगं दिसत होती. मामूंनी दुर्बीण खाली ठेवली आणि बोट उचललं. मी "मामू!" म्हणून ओरडलो, पण तोवर गोळी सुटली होती.

मामू सुरी घेऊन धावले. बिस्मिल्ला म्हणून त्यांनी मानेवर सुरी फिरवली, तेव्हा त्यांचा हात पोटाला लागला आणि तिथेच थांबला. नंतर झावळ्यांवर पोट फाडलं, तर आत दोन पाडसं होती, ओल्या चामड्याची, डोळे मिटलेली. नेपाळी गड्यांपैकी एकाने तोंड फिरवलं. मामूंनी दोन्ही पाडसं उचलून झावळीत गुंडाळली आणि स्वतः खड्डा खणून पुरली. कुत्र्यांना दिली नाहीत.

अरबाबला वाटलं, मुलाचा नेम चुकला. तो मुलाला आमच्या सगळ्यांसमोर बोलू लागला, आणि तो उंच, शिकलेला तरुण मान खाली घालून ऐकत राहिला. मामू गप्प होते. मी मनात म्हटलं, राहा गप्प. पोरगा अरबाबचा आहे, चार शब्द ऐकेल आणि गाडीत बसेल. तुमचं काय होईल?

मामूंनी वाटे मांडले. मला म्हणाले, "पाठ फिरव."

मी पाठ फिरवली.

"हा कुणाचा?"

"अरबाबचा."

"हा कुणाचा?"

"कुत्र्यांचा."

"हा कुणाचा?"

"मामूंचा."

"मामूंचा वाटा नाय आज," मागून आवाज आला. "दुसरं नाव घे."

मी वळून पाहिलं. ढीग एक कमी होता. अरबाब इतक्या वर्षांत रिवाज शिकलेला माणूस. त्याने बोलणं थांबवलं आणि ढीग मोजले. "लेश, मामू?" त्याने विचारलं. का म्हणून?

"पोराला बोलू नका, अरबाब," मामू त्यांच्या मोडक्या अरबीत म्हणाले. "गोळी बरोबर गेली. बोट माझं होतं. मला दिसत नाय."

मुलगा मामूंकडे बघत राहिला आणि मग आपल्या बुटांकडे. मी दुसरं नाव घेतलं. वाटे संपले. मामूंनी सुरी धुतली, पुसली आणि कातडी म्यानात घालून अरबाबच्या गाडीच्या सीटवर ठेवून दिली.

पुढच्या शुक्रवारी मी गेलो तर मामू बॅग भरत होते. मला बघून हसले, पूर्वीसारखे. "आवळून बांध, ग्रॅज्युएट. दोरी तरी बांधता येते का डिग्रीत?"

दोरी आवळताना मी विचारलं, अरबाब काय म्हणाला.

"मजलिसमध्ये, त्याच्या बैठकीत बोलावलं. आपल्या ताटात बसवलं. मजबूसचा मटणभात होता, हरणाचा नव्हे, बकऱ्याचा. स्वतःच्या हातानं मऊ तुकडा तोडून माझ्यापुढे ठेवला. मी तोंडात घातला. म्हणाला, मामू, खूप केलंस, आता घरी जा, आराम कर. खलास." मामूंनी दोरीची गाठ चाचपली. "माझ्या तोंडात घास होता रे. बरोबर शिकला माझ्याकडनं. हाडाचा शिकारी हाय."

"आणि कळलं नाही तुम्हाला?"

"हरणाला कळत नाय, असं मी म्हणायचो," ते म्हणाले. "खोटं हाय ते."

विमानतळावर त्यांनी मला मिठी मारली नाही. आमच्यात ती पद्धत नाही. माझ्या नव्या बुटांकडे वाकून बघितलं, बोटाने चाचपले, "बूट बरे घेतलेस" म्हणाले आणि आत गेले.

गावी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. सकाळी गेले, दुपारी घरी आले. आता खाडीपलीकडची होडी कुणाची हेही सांगतात म्हणे. आई सांगते, रानडुकरं भातात शिरली की गावातले पहाटे हाकायला निघतात, कड्या वाजतात. मामू कपडे घालून, बूट बांधून ओट्यावर बसलेले असतात. त्यांची कडी वाजत नाही. कतारमध्ये काय झालं ते गावात कुणालाच माहीत नव्हतं. मामूंनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं.

मजऱ्यावर मी मध्येच एकदा जाऊन आलो. नवा माणूस आला आहे, गोड बोलतो, दयाळू आहे. कळप वाढलाय आणि वाळलाय. तडकलेल्या शिंगाचा म्हातारा अजून आहे. त्याचं मागचं अंग गेलंय. बाकीची हरणं घासावर येतात, तो मागून पाय ओढत येतो आणि पोचेपर्यंत जमीन साफ झालेली असते. मी त्याचा व्हिडिओ काढून मामूंना पाठवला. का पाठवला, सांगता येणार नाही.

त्यांचा लगेच फोन आला.

"मारलं नाय त्याला कोणी?"

"नाही, मामू."

"कोणाला तरी सांग, ग्रॅज्युएट. अरबाबच्या पोराला सांग, त्याचा नेम चांगला हाय." मग म्हणाले, "पण आधी त्याला एकट्याला घास टाका. पोटभर खाऊ द्या. मग मारा."

"तोंडात घास असताना?"

"नाय," मामू म्हणाले. "गिळू द्या त्याला."