चिन्ह माझं, नाव वासंतीचं

वासंती गेल्याचं मला तिच्या धाकट्या भावाने, दत्तूने कळवलं. शाळेच्या ऑफिसात फोन आला. "निमाताय, वासूताय गेली गो... सकाळी," एवढंच तो बोलला आणि रडू लागला. लहानपणापासूनची मैत्रीण गेल्यावर माणसाला जे वाटायला हवं ते मला नंतर वाटलं, घरी गेल्यावर, भात टाकताना. त्या क्षणी मनात आलं ते वेगळंच होतं. आता ती कधीच सांगणार नाही... या गोष्टीला सहा आठवडे झाले. एवढ्या दिवसांत तिच्याविषयी जे जे छापून आलं, त्यात 'सुकती महोत्सवाचं गाजलेलं बोधचिन्ह साकारणाऱ्या' हे शब्द प्रत्येक ठिकाणी आहेत. ते चिन्ह मी काढलं होतं.

आम्ही दोघी मालवणच्या उत्तरेकडच्या एका किनाऱ्यावरच्या. तिचे वडील बोटीवर नोकरीला, माझे स्वतःच्या होडीने मासेमारीला जाणारे. चित्रकलेच्या परीक्षेला मला बसवायला बाबा तयार नव्हते. आईबरोबर बाजाराला टोपली घेऊन कोण जाणार, हा त्यांचा साधा प्रश्न होता. तेरा वर्षांची वासंती आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. "काका, निमा माज्यापेक्षा बरां काढता. तुमी तिका बसवलास नाय, तर मी पण बसूचंय नाय." बाबा आधी चिडले, मग हसले, आणि कबूल झाले. त्या परीक्षेमुळे पुढे मी चित्रकला शिक्षिका झाले, मसुऱ्याजवळच्या शाळेत लागले. ती मुंबईला कला महाविद्यालयात गेली. हे आधी सांगते, कारण हे वगळून पुढचं सांगितलं तर तिच्यावर अन्याय होईल.

एकोणीसशे नव्व्याण्णव साली ती गावी परतली ती एक कल्पना घेऊन. दरवर्षी हिवाळ्यात पाच दिवस, आमच्याच किनाऱ्यावर, आजच्या कलाकारांचा महोत्सव भरवायचा. कामं मांडायची ती फक्त ओहोटीच्या वेळात, ओल्या वाळूवर. भरतीने नेलं ते नेलं. ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात, तेच नाव ठरलं. चिन्ह, अक्षरं, पोस्टर, पत्रिका, सगळं एका घरचं दिसायला हवं होतं. "तू कर," ती म्हणाली. "पण मासो नको, माड नको, होडी नको. त्यां सगळां हॉटेलांच्या पाट्यांर आसा." मी तीन आठवडे तरीही मासेच काढत राहिले, आणि ती एकेक कागद बाजूला सारत राहिली.

एका सकाळी आम्ही दोघी पाणी ओसरल्यावर चालत होतो. आमच्या किनाऱ्यावर बारक्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, असतात. वाळू चाळून त्यातलं खाणं घेतात आणि उरलेल्या वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या बिळाभोवती टाकत जातात. जन्मभर त्यांच्यावर पाय देऊन गेलेली मी त्या दिवशी थांबले. एका बिळातून चहूकडे फुटलेल्या ठिपक्यांच्या ओळी... दुसऱ्या दिवशी मी घरातली खिडकीची काच काढून नेली, चार विटांवर ती बिळावर ठेवली आणि शाईने काचेवर एकेक ठिपका उमटवला. काचेवर ऊन चमकू नये म्हणून वासंतीने माझ्यावर छत्री धरली. दोन तास, हात बदलत. घरी येऊन काचेवरचे ठिपके मी पातळ कागदावर उतरवले. तेव्हाच आम्ही नियम केला: दरवर्षी नवं बीळ, नवे ठिपके. समुद्र पुसतो, कुर्ली परत काढते, तसं आपणही परत काढायचं. अक्षरं मी चपट्या ब्रशने लिहिली, शिरोरेघ मधेमधे तुटलेली, वाळूवर फेसाची रेघ राहते तशी. पहिलं पोस्टर मासळी बाजाराच्या भिंतीवर लागलं तेव्हा एक मासेवाली टोपली डोक्यावर घेऊनच थांबली आणि ओरडली, "गो, ह्यां तर कुर्ल्यांचां काम!" मला दुसरं बक्षीस नको होतं.

सहा हिवाळे मी काच घेऊन किनाऱ्यावर गेले. महोत्सवाचं नाव झालं, बाहेरून पाहुणे येऊ लागले. मग आर्ट पेपरवर छापलेलं एक जाडजूड पुस्तक निघालं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'बोधचिन्ह व अक्षरांकन: वासंती'. खाली बारीक टाइपात, 'साहाय्य: स्थानिक शिक्षक'. मी पुस्तक घेऊन तडक तिच्या पडवीत गेले.

"माजां नाव खंय आसा गो?"

तिने चष्मा काढून पुसला. "भायरच्या लोकांका एकच नाव होयां असतां, निमा. शाळेतल्या बायन केलां म्हटलां तर तेंका ती हस्तकला वाटता. पुढच्या वर्साक घालूया."

"आणि छत्री धरलंस त्यां काय होतां?"

तिने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. पुढच्या वर्षी माझं नाव आलं नाही, आणि मी काच घेऊन गेले नाही. महोत्सववाल्यांनी माझ्या शेवटच्या वर्षाचे ठिपकेच कायमचे ठेवले. पिशव्यांवर, कपांवर, सगळीकडे तेच. आमचा नियमही मोडला...

तरी ते मी सहन केलं असतं. तीन वर्षांनी शाळेच्या प्रशिक्षणासाठी मुंबईला गेले असताना तिचं व्याख्यान असल्याचं कळलं. तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. पडद्यावर माझे ठिपके, आणि ती प्रमाण मराठीत, हळू आवाजात सांगत होती, "मी घरातली खिडकीची काच काढून नेली. चार विटांवर ठेवली. ऊन इतकं होतं की माझ्या मैत्रिणीने माझ्यावर छत्री धरली." तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. ती पाणी प्यायली, आणि पुढे बोलू लागली. चिन्ह घेतलं होतं ते घेतलं होतं. त्या दिवशी तिने माझी सकाळ घेतली. नंतर दाराशी भेटली तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "इलंस? बरां केलंस." मी हो म्हणाले. सभागृहात उठून उभी राहिले नाही, याचा राग मला तिच्याइतकाच स्वतःवर आहे.

तेराव्याला दत्तूने मला तिच्या खोलीत नेलं. कपाटात एक सपाट पेटी होती. माझे सहाही कागद तिने जपले होते, दर दोन कागदांमध्ये एक कोरा कागद घालून, डांबराच्या गोळ्या ठेवून. एकालाही कसर लागलेली नव्हती. काम संपलं की मी उजव्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने सही करते. सहाही कागदांचा तो कोपरा नव्हता. पट्टी लावून, ब्लेडने, अगदी सरळ कापलेला होता. दत्तू विचारत होता, "ताय, ह्यां तू घेऊन जातंस काय?" मी पेटी बंद केली आणि सांगितलं, "असूंदे थंयच." त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही, आणि मी सांगितलंही नाही. फाडायचेच असते, तर तिने सगळे फाडले असते. जाळले असते. इतकं जपून ठेवायचं आणि एवढंच कापायचं, हे मला अजून उलगडत नाही. रात्रंदिवस विचार करूनही नाही.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली आहे. मुलांची चित्रं तपासताना मी चित्राच्या एका भागावर तळहात ठेवते आणि विचारते, "हे नसलं तर?" मूल बघतं, विचार करतं, कधी म्हणतं, चांगलं दिसतं, कधी म्हणतं, नको बाई, ते हवंच. ही सवय वासंतीची. माझे सगळे मासे तिने असेच झाकले होते. परवा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, ही युक्ती तुमची?"

"नाही," मी म्हणाले, आणि फळ्यावर तिचं नाव लिहिलं. आडनावासकट, पूर्ण.