अंगावरचं

चोपड्याच्या आठवडेबाजारात झाडपाल्याची औषधं विकणारी एक ऐसपैस बाई बसायची. पुडी बांधताना दोरा दातांत धरायची आणि बोलायचीही तशीच.

थोरला तेव्हा चार महिन्यांचा. बाळंतपणाच्या लाडवांनी माझा भोपळा झालेला आणि नणंदेचं लग्न तोंडावर. पोलकं दंडातून वर सरकेना. झाडपाला तो, त्यानं काय अपाय होतोय, असं समजण्याइतकी मी शहाणी! सासूबाईंना चुकवून बाईपुढं बसले आणि पदरात तोंड लपवून पुटपुटले, "अंगावरचं कमी करायचंय."

"बठ्ठं?" दोऱ्याआडून प्रश्न आला.

"बठ्ठं, अगदी सगळं," मी ऐटीत म्हणाले.

पुडी नेमानं घेतली. मी होते तशीच राहिले, दूध मात्र आटलं. पोर भुकेनं कळवळायला लागलं. पुढच्या बाजारी त्याला खांद्यावर टाकून मी भांडायलाच गेले.

बाईनं कपाळावर हात मारला. "अवं माय! अंगवरलं म्हणजे माले दूध वाटनं. पोरनं दूध सोडावानी पुडी दिधी मी तुले!"

तिनं पोराला छातीशी धरलं, थोपटलं आणि माझ्या हातात अळिवाची पुरचुंडी कोंबली. "ती पुडी फेकी दे. हाई खीर करीसन खाय."

"पण अक्का, यानं मी आणखी जाड होईन!"

"होजो. पोरगं दूध पेस का पोलकं?"

मी मुकाट्यानं खीर खाल्ली. हळूहळू दूध उतरलं. लग्नाच्या मांडवात मी सासूबाईंचं ढगळ पोलकं घालून बसले आणि पदराखाली पोर चुटूचुटू पीत राहिलं.