शलोमभाऊंची कडी

रिबका झिराडकर पुढे तत्त्वज्ञान शिकवायला लागली, जाडजूड ग्रंथ लिहायला लागली, तेव्हा लोक विचारायचे, बाई, तुमच्यावर पहिला संस्कार कोणाचा? आता एखादं भारदस्त नाव येणार म्हणून माणसं सरसावून बसायची. ही म्हणायची, ''धुळ्याच्या बेबाचा.'' बेबा कोण, हे त्या विद्वानांना कुठून ठाऊक असणार!

रिबकाचे वडील शलोमभाऊ धुळ्यात एका दवाखान्यात कंपाउंडर होते. मूळचे कोकणातले, बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. गल्लीला आधी काही थांगच लागेना. ही माणसं शनिवारी चूल पेटवत नाहीत, घरात मूर्ती नाही, आणि आपल्या देवळाला म्हणतात मशीद! शेजारच्या भिकुबाईनं शेवटी तोंडावरच विचारलं, ''भाऊ, तुम्ही नेमका कोण शेतस?''

''तुमचे शेजारी,'' शलोमभाऊ म्हणाले.

भिकुबाईला तेवढं पुरलं. तिचा मुलगा झुलाल पांझरेकाठची शेती बघायचा. त्याची पोर बेबा म्हणजे रिबकाची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एका वयाच्या, एका वर्गातल्या, भांडणंही रोजची आणि चिंचाही एकाच फडक्यात बांधलेल्या. कोणाला ठेच लागली, पोट दुखलं, की गल्ली आधी शलोमभाऊंची कडी वाजवायची. भाऊही कधी कंटाळले नाहीत. जेवता जेवता उठून जायचे.

पण वर्षातला एक दिवस ती कडी वाजत नसे. त्या दिवशी दारफळणीचा सण. दार लावून घ्यायचं, पांढरे कपडे घालायचे, दिवसभर पाण्याचा थेंब नाही, बाहेरच्या माणसाशी बोलणं नाही, शिवणं नाही. देवाकडे वर्षाची माफी मागत बसायचं. दुसऱ्या दिवशी शिळा सण, तेव्हा दानधर्म करायचा, शेजारीपाजारी जायचं. भाऊंनी हे भिकुबाईला नीट समजावून सांगितलं होतं. आणि भिकुबाई म्हणजे दिल्या शब्दाला जागणारी बाई. तिनं सगळ्या गल्लीला बजावून ठेवलं होतं.

त्रेपन्न सालची गोष्ट, दारफळणीचाच दिवस. नवरात्र जवळ आलं म्हणून भिकुबाईच्या अंगणात भिंतींसाठी चुना भिजत घातला होता. चुन्याच्या कळीवर पाणी पडलं की ती कशी खदखदते ते ठाऊक आहे ना? बेबाला भारी हौस, काठी घेऊन ढवळायला बसली. शिंतोडा उडाला तो थेट उजव्या डोळ्यात.

तिची किंकाळी भिंतीतून आली. घरात भाऊ प्रार्थना म्हणत होते, ते मध्येच थांबले. रिबका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. भाऊ दाराकडे बघत राहिले. आता कडी वाजेल, आता वाजेल. बाहेर धावपळ ऐकू आली, बायकांचा आवाज आला, मग सगळं लांब गेलं. कडी काही वाजली नाही. भाऊंनी मान खाली घातली आणि राहिलेली प्रार्थना पुरी केली.

दुसऱ्या दिवशी खिरीचं भांडं घेऊन बापलेक शेजारी गेले. बेबा खाटेवर होती, डोळ्याला पट्टी. आदल्या दिवशी झुलाल शेतावरून आला, बैलगाडी जुंपली, मग दवाखाना गाठला. तोवर घरच्यांनी डोळ्यात तूप घालून फडकं बांधलं होतं. डॉक्टर म्हणाले, तेव्हाच्या तेव्हा घडाभर पाण्यानं धुतला असता तर डोळा वाचला असता.

भाऊंनी भांडं तिथंच खाली टेकवलं. ''अहो, भिंतीला भिंत माझी! मला हाक का मारली नाही?''

भिकुबाई डोळ्याला पदर लावून म्हणाली, ''बेबानी माय पळत निंघनी व्हती तुमनाकडे. मीच धरं तिले. म्हन्तं, आज भाऊना दारबंद सण शे, कडी वाजाडू नका, त्यासना उपास मोडी जाई.''

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भाऊ लेकीचा हात धरून घरी परतले.

घरी आल्यावर रिबकानं विचारलं, ''बाबा, तुम्हाला ऐकू आलं होतं ना?''

''आलं होतं.''

''मग?''

''वाटलं, खरंच गरज असेल तर कडी वाजवतील.''

''त्यांना वाटलं, वाजवू नये. मग चूक कोणाची? देवाची?''

आईनं ''गप गं!'' म्हणून दटावलं. भाऊंनी मात्र दटावलं नाही. ते त्या आठवड्यातच मुंबईला गेले आणि मशिदीतल्या जाणत्या म्हाताऱ्यांपुढे हे सगळं मांडलं. म्हातारे म्हणाले, ''कोणाच्या जिवावर, डोळ्यावर बेतलं तर सण मोडायचाच असतो. मोडला नाहीस तेच पाप. कोणी शिकवलं नाही का तुला?'' कोण शिकवणार? बाप कोकणात भाऊंच्या लहानपणीच वारला, आणि खानदेशात विचारायचं कोणाला? जेवढं आठवत होतं तेवढं हा भला माणूस कसोशीनं पाळत होता. परत आल्यावर त्यांनी हे जसंच्या तसं लेकीला सांगितलं. आपलं चुकलं, हे बापानं पोरीला सांगायचं, तेही त्या काळात! रिबकाच्या मनात ते कायमचं रुतलं. नियम पाळायचाच, पण तो कशासाठी आहे हे आधी विचारायचं, हे ती त्या दिवशी शिकली.

पुढच्या वर्षी दारफळणीचा सण आणि दसरा एकाच दिवशी आले. आदल्या दिवशी भाऊ स्वतः भिकुबाईकडे गेले. ''उद्या दार बंद. पण काही झालं तर कडी वाजवा. माझी शपथ आहे.'' भिकुबाईनं मान हलवली. बेबा कोपऱ्यात बसून ऐकत होती. वर्षभर ती भाऊंशी बोललीच नव्हती.

दसऱ्याच्या दिवशी ऊन कलताना कडी वाजली. जोरजोरात.

भाऊ धडपडत उठले. उपाशी पोटी डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी भिंत धरून दार गाठलं आणि सताड उघडलं. ''काय झालं? कोणाला काय झालं?''

उंबऱ्याबाहेर बेबा एकटी उभी. मुठीत आपट्याची पानं. एका डोळ्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाली, ''काहीच नही. तुम्ही उघडतस का नही, ते देखनं व्हतं.''

रिबकाला वाटलं, आता बाबा भडकणार! पण भाऊ तिथंच गुडघ्यावर बसले. ''उघडलं गं बाई, उघडलं,'' म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले.

बेबा जराशी घोटाळली. मग मूठ पुढे केली. ''मंग हाई सोनं ल्या.''

दिवस अजून मावळला नव्हता, सण सुटला नव्हता. भाऊंनी दोन्ही हातांची ओंजळ केली आणि बेबापुढे धरली.